एक तृतीयांश माणूस

मोठ्या साहेबानं छोट्या साहेबाला शिव्या घातल्या आणि सगळा देश हळहळला.

जून 2023. एचडीएफसी बँकेचा कोलकात्यातला एक अधिकारी ऑनलाइन मीटिंगमध्ये हाताखालच्या माणसांवर खेकसतोय, विमा किती खपवला, खाती किती उघडली, असा व्हिडिओ गावभर फिरला. बँकेनं त्याला निलंबित केलं. मे 2024 मध्ये बंधन बँक आणि कॅनरा बँकेतले तसलेच व्हिडिओ निघाले. त्याच वर्षी जुलैत पुण्याच्या ईवाय या हिशेबतपासणीच्या बड्या कंपनीतली 26 वर्षांची मुलगी नोकरीला लागून चार महिने होतात न होतात तोच वारली. पोरगी कामाच्या ओझ्यानं गेली असं पत्र तिच्या आईनं चेअरमनला लिहिलं. कंपनीनं ते नाकारलं. मग कामगार खात्याचे लोक तपासायला गेले, तर निघालं काय? ते ऑफिस 2007 पासून दुकाने-आस्थापना कायद्याच्या नोंदणीशिवायच चाललं होतं! दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्याच्या घरात ही बोंब. आणि जुलै 2025 ला बारामतीत एका सरकारी बँकेच्या मुख्य व्यवस्थापकानं कामाच्या ताणाची चिठ्ठी लिहून शाखेतच जीव दिला.

ही माणसं मेली. त्यांच्या मरणाची टिंगल करायला मी पेन उचललेलं नाही. मरण साहेबाचं असो की हमालाचं, चुलीपुढं बसून रडणारी आई एकच असते.

पण माझा सवाल वेगळा आहे. या सगळ्यानंतर पेपरवाल्यांना एक शब्द सापडला, ‘कार्यसंस्कृती’. बँकेतली कार्यसंस्कृती बिघडलीय म्हणे. संस्कृती! हा शब्द कानावर आला की आमचा हात आपोआप खिशाकडे जातो, की आता कोण काय काढून घेणार. दोस्तहो, बँकेतली कार्यसंस्कृती काल-परवा बिघडली नाही. ती खालून सडत आली होती. वास वरच्या मजल्यावर गेला तेव्हा खिडक्या उघडल्या, एवढंच.

मी गोदीतला माणूस. राहायला कॉटन ग्रीन. ठेकेदाराच्या टोळीत माल चढवतो-उतरवतो, रात्री कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. बँकेशी माझा संबंध काउंटरच्या अलीकडचा. फॉर्मवर कुठं सही करायची ते विचारणारा आणि ‘तिकडं विचारा’ ऐकणारा तो मीच. मग मी बँकेवर का लिहू? कारण माझं घर बँकेत झाडू मारतंय. दोन पिढ्या झाल्या. आधी माझ्या आत्याची सासू, जिला आम्ही सगळे आजीच म्हणतो, आणि आता आत्या. लालबाग-परळ भागातली एक सरकारी बँक. नाव सांगत नाही. नाव सांगितलं तर आत्याचा झाडू जाईल, बँकेचं केससुद्धा वाकडं होणार नाही.

आधी हे समजून घ्या की बँक आणि आपण एकमेकांना नवखे नाही. कॉटन ग्रीन हे नाव कशावरून पडलं? कापसाच्या बाजारावरून. आधी तो कुलाब्याला होता, 1920 च्या दशकात शिवडीच्या भराव जमिनीवर आणला. कापसाची गोदामं, कॉटन एक्स्चेंजची इमारत, बाजूला पोर्टाचे रूळ. त्याच्याही आधी, 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर तुटून पडल्या. या शहरात पैशाचा पूर आला. शेटजींनी शेअर फुगवले, बँकेनं कर्जं उधळली. 1865 ला युद्ध संपलं आणि फुगा फुटला. 1840 सालची बँक ऑफ बॉम्बे त्यात बुडाली, 1868 ला मोडीत निघाली. त्याच साली त्याच नावाची नवी उभी केली. ती 1921 ला इंपीरियल बँकेत गेली, इंपीरियलची 1955 ला स्टेट बँक झाली.

बघा, बँक बुडते, पुन्हा उभी राहते, नाव बदलते. आजच्या हिशेबानं कापसाची एक गाठ 170 किलोची. ती ज्यांच्या पाठीवरून गोदीत गेली त्यांचं नाव कुठल्या खातेवहीत आहे? नाही. पाठ कुणी जमा धरत नाही.

पुढं 19 जुलै 1969 ला 14 बँका सरकारनं घेतल्या. 15 एप्रिल 1980 ला आणखी 6. बँका जनतेच्या झाल्या असं सांगितलं. खोटं नव्हतं सगळं. आरक्षण आलं, आमची पोरं कारकून झाली, काही अधिकारी झाली. ज्या घरात सावकाराच्या वहीवर अंगठा उठत होता त्या घरातला पोरगा लोकांच्या सह्या तपासायला बसला. ही लहान गोष्ट नव्हे. ती बाबासाहेबांच्या झगड्याची कमाई आहे आणि तिच्यावर थुंकणाऱ्याच्या तोंडावर मी थुंकेन.

पण त्याच बँकेच्या मागच्या दारानं आजी आत गेली. पदाचं नाव पार्टटाइम स्वीपर.

आता मी तुम्हाला बँकेचं एक गणित शिकवतो. हे मी बनवलेलं नाही. बँकवाले आणि युनियनवाले यांच्यात जे द्विपक्षीय करार होतात त्यांत ते लिहिलेलं आहे. अर्धवेळ कामगार आठवड्याला 6 तासांपेक्षा जास्त आणि 13 तासांपर्यंत काम करत असेल तर त्याला पगारश्रेणीचा एक तृतीयांश. 13 च्या वर 19 पर्यंत अर्धा. 19 च्या वर 29 पर्यंत पाऊण. 29 च्या वर गेला तरच पुरा.

वाचलंत? पुन्हा वाचा. बँकेत अधिकारी पुरा असतो, कारकून पुरा असतो, बंदूकवाला दरवान पुरा असतो. झाडूवाला तेवढा अपूर्णांकात असतो. एक तृतीयांश माणूस. अर्धा माणूस. पाऊण माणूस. शाळेत अपूर्णांक मला कधी कळले नाहीत, मास्तरनं हातावर छड्या मारल्या. आजीच्या पगाराच्या कागदावर ते मला एका दमात कळले.

कुणी म्हणेल, कामाचे तास कमी तर पगार कमी, यात जात कुठून काढली राव? ठीक आहे. तास मोजू. आजीचे कागदावर रोज दोन तास. आठवड्याचे सहा दिवस. झाले बारा. तेराची रेघ ओलांडायची नाही, म्हणजे एक तृतीयांश पक्का. आणि खरं काम? सकाळी शाखा उघडायच्या आधी झाडलोट. मग फरशी. मग संडास. मग माठ भरा. मग साहेबाचं टेबल. दहाला गिऱ्हाईक आलं की ‘बाई, एवढे व्हाउचर त्या टेबलावर द्या’, ‘बाई, चहा सांगून या’, ‘बाई, जुनी लेजरं खालून वर आणा’. चार तास कुठंच गेले नाहीत. चार सक चोवीस. चोवीस तास म्हणजे करारानुसार पाऊण माणूस. पाऊण माणसाचं काम, एक तृतीयांश माणसाचा दाम. ही चोरी नाही तर काय? आणि चोरी कुठं झाली? जिथं एक रुपयाचा फरक पडला तर संध्याकाळी सगळ्या शाखेला थांबवून ताळा करतात, तिथं! रुपयाचा ताळा रोज लागतो. बाईच्या तासांचा ताळा कधीच लागला नाही.

म्हातारीला मी एकदा विचारलं, आजी, तुला राग नाही आला? ती म्हणाली, “राग यून काय करू बाळा? मस्टरला माझं नाव व्हतं. युनियनचा एक कारकून भांडला तवा अर्ध्यावर आले. आज पिन्शन येती. तुझ्या आत्याचं काय हाय?”

तुझ्या आत्याचं काय हाय! म्हातारीनं एका वाक्यात बँकेच्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगितला. आजी तृतीयांश का होईना, माणूस होती. आत्या आठ वर्षं त्याच बँकेत झाडू मारते आणि बँकेच्या हिशेबात ती शून्य आहे. ती बँकेची नाहीच. ती एजन्सीची. काही बँकांत आता स्वीपर हा शब्दही काढून टाकलाय, हाउसकीपर म्हणतात. शब्द धुतला, संडास तोच.

हे कसं घडलं ते नीट बघा, कारण यात तुमचं-आमचं मरण आहे. 1970 ला कंत्राटी कामगारांचा कायदा झाला. त्याच्या आधारानं 9 डिसेंबर 1976 ला केंद्र सरकारनं एक अधिसूचना काढली. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींत झाडणं, साफ करणं, धूळ पुसणं आणि पहारा देणं या कामांना कंत्राटी माणूस लावायला बंदी. बँकाही त्या अखत्यारीतल्या. म्हणजे झाडूवाली बाई एजन्सीकडून आणता येणार नाही असं सरकारच म्हणालं होतं! 1996 ला सुप्रीम कोर्टानं एअर इंडियाच्या खटल्यात सांगितलं की अशी बंदी असेल तिथला कंत्राटी कामगार मूळ मालकानं सामावून घ्यायचा. पाच वर्षं गेली. 30 ऑगस्ट 2001 ला त्याच कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी 1976 ची ती अधिसूचनाच रद्द केली आणि म्हणाले, बंदी आली म्हणून कामगार आपोआप मालकाचा होत नाही. त्या खटल्याचं नाव काय? स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया विरुद्ध नॅशनल युनियन वॉटरफ्रंट वर्कर्स. वॉटरफ्रंट म्हणजे धक्का. धक्क्यावरच्या कामगारांच्या नावानं चाललेल्या खटल्यात बँकेतल्या झाडूवालीचा निकाल लागला. गोदी आणि बँक किती लांब आहेत म्हणालात?

आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात 1970 चा तो कायदाही विरघळला. नव्या संहितेत म्हटलंय की आस्थापनेच्या मुख्य कामाला कंत्राटी कामगार नको. ऐकायला गोड. पण मुख्य काम कुठलं नव्हे, त्याची यादी खाली दिलीय. ज्या आस्थापनेचा तोच धंदा नसेल तिथं झाडणं-पुसणं मुख्य काम नव्हे. पहारा नव्हे. कँटीन नव्हे. माल चढवणं-उतरवणं नव्हे. एकाच यादीत आत्याचा झाडू आणि माझा हुक! कायदा करणाऱ्यानं आम्हाला ओळखलं, आम्हीच एकमेकांना ओळखत नाही.

मला एक सांगा, एक आठवडा बँकेतला संडास कुणी धुतला नाही तर बँक चालेल? साहेब टार्गेट कुठं बसून पुरं करणार? मग ते मुख्य काम कसं नाही? मुख्य काम कुठलं ते कामावरून ठरत नाही, करणाऱ्यावरून ठरतं. मनूचा कायदा यापेक्षा वेगळं काय सांगत होता?

1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या आपल्या कामगारांच्या परिषदेत बाबासाहेब बोलले होते की कामगाराचे दुश्मन दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नव्हते. का? धागा तुटला तर तोंडानं ओढावा लागतो, आमच्या थुंकीनं विटाळ होतो. बँकेतल्या नोटांना मात्र विटाळ होत नाही बरं! मच्छीवालीच्या टोपलीतली, खाटकाच्या गल्ल्यातली, आमच्या घामानं भिजलेली, कसलीही नोट असो, बँक ती अंगठा ओला करून मोजते. विटाळ नोटेला नाही, हाताला. नोट आत घेतात, हात बाहेर ठेवतात. आणि हे त्या बाबासाहेबांच्या लेकरांशी, ज्यांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला!

आता टोळीवाल्याची गोष्ट सांगतो, ती आमच्या गोदीची. पूर्वी गोदीत कायम कामगार नव्हता. पहाटे गेटवर माणसांचा ढीग जमायचा. टोळीवाला यायचा, दंड चाचपायचा, तू ये, तू ये, तू जा. ज्याला घेतलं त्याची चूल पेटायची आणि त्यातूनही टोळीवाला आपला हिस्सा कापायचा. गोदी कामगार लढला. पी. डिमेलोसारखे पुढारी लढले. 1948 ला गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा आला, 1951 ला मुंबईत गोदी कामगार मंडळ बसलं. माणसाची नोंदणी झाली. जहाज नसलं तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. म्हणजे पहिल्यांदा असं ठरलं की काम नसलेल्या दिवशीसुद्धा कामगाराला पोट असतं! मग 1997 ला दुसरा कायदा करून तो 1948 चा कायदा मोठ्या बंदरांतून काढून घ्यायची वाट मोकळी केली. आता माझ्या टोळीत कोण आज कामावर आहे ते ठेकेदाराचा माणूस फोनवर सांगतो. टोळीवाला मेलाच नव्हता. गावाला गेला होता. परत आला तो टाय लावून, एजन्सीचं लेटरहेड घेऊन, आणि गोदीतून बँकेपर्यंत पोचला.

बँकेत आत्याला सगळे मावशी म्हणतात. मॅनेजर मावशी म्हणतो, कॅशियर मावशी म्हणतो, कालची ट्रेनी पोरगी मावशी म्हणते. ऐकणाऱ्याला वाटेल काय माया! आत्या पडली, पाय मुरगळला, चार दिवसांची रजा मागितली, तेव्हा मॅनेजर म्हणाला, ‘मावशी, ते एजन्सीला विचारा, आमचा संबंध नाही.’ एजन्सीचा माणूस म्हणाला, ‘बँक हजेरी पाठवेल तेवढेच पैसे.’ दोघांच्या मधे आत्या. झाडायला सांगताना नातं असतं, रजा देताना करार असतो. मावशी म्हणा, पण मावशीचं नाव काय ते एकदा विचारा! आठ वर्षांत शाखेतल्या एकानं विचारलं नाही.

आणि संध्याकाळी निघताना मावशीची पिशवी तपासतात. डबा उघडून दाखवायचा. हरकत नाही, बँकेत रोकड असते, तपासा. पण मग सगळ्यांच्याच तपासा. प्रभादेवीला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचं मुख्य ऑफिस होतं. ही बँक मुळात कुणाची? 1968 ला जॉर्ज फर्नांडिस यांनी कामगारांसाठी काढलेली बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक. कामगार हा शब्द पुढं नावातून गळला. फेब्रुवारी 2025 ला रिझर्व्ह बँकेची तपासणी झाली, तिजोरीतल्या रोकडीत तूट निघाली, 122 कोटींच्या अपहाराचा गुन्हा पोलिसांत नोंदला गेला. रिझर्व्ह बँकेनं व्यवहार थांबवले, शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या, आणि ऑगस्ट 2025 ला ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. 122 कोटी! जेवणाच्या डब्यात मावणारी ही रक्कम नाही. तो खटला कोर्टात लागायचा तसा लागेल. मी एवढंच म्हणतो, की जिथं रोज डबा उघडून बघतात तिथं तिजोरी कोण उघडून बघत होतं? संशय नेहमी खाली का बघतो?

आता आपल्याच माणसांशी दोन शब्द. कडू लागतील.

बँकेत आपले अधिकारी आहेत, कारकून आहेत. त्यांनाही तिथं फुलं वाहत नाहीत हे मला ठाऊक आहे. पाठीमागं ‘कोट्यातला’ म्हणतात. गोपनीय अहवालात दोन गुण कमी पडतात. अवघड शाखा, लांबची बदली, जबरी टार्गेट त्यांच्याच वाट्याला येतं असं ते सांगतात आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. बढतीतल्या आरक्षणासाठी त्यांच्या संघटना सुप्रीम कोर्टापर्यंत लढल्या. सेंट्रल बँकेच्या खटल्यात 2015 ला एक निकाल आला, 2016 ला फेरविचारात तो बदलला. ती लढाई न्यायाची आहे. पण साथींनो, तुमच्या मागण्यांच्या कागदावर स्केल दोनपासून स्केल सहापर्यंत सगळ्या पायऱ्या आहेत, आणि त्या पायऱ्या झाडणारी बाई कुठंच नाही! ती तुमच्याच वस्तीतली, तुमच्याच आडनावाची, कधी तुमच्याच गावची. 14 एप्रिलला बँकेच्या हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोला हार घालता तेव्हा खुर्च्या कोण मांडतं? कार्यक्रम संपल्यावर पाकळ्या कोण गोळा करतं? रोस्टरचा हिशेब तुम्ही बरोबर मागता. पण झाडूला कधी रोस्टर लागला नाही. तिथं आपली भरती न मागता होत आली.

मोठ्या युनियनांनाही हेच सांगायचंय. बँक कामगारांची चळवळ लेचीपेची नाही. त्यांच्या वेतनाचा निवाडा सरकारनं कापला म्हणून 1954 ला मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरींनी राजीनामा दिला होता. एवढी ताकद! मार्च 2024 ला बारावा करार झाला. पाच दिवसांच्या आठवड्याची मागणी चालू आहे. मागा, जरूर मागा, माणसाला दोन दिवस घर दिसलंच पाहिजे. पण हेही ऐका. सप्टेंबर 2015 पासून दुसरा-चौथा शनिवार बँक बंद असते. त्या दिवसाची हजेरी आत्याला मिळत नाही. उरलेले शनिवारही बंद झाले की तुमची सुटी वाढेल आणि तिचा पगार आणखी कापला जाईल. तुमची सुटी तिच्या ताटातून जाऊ नये, असं एक वाक्य मागणीपत्रात लिहायला किती शाई लागते?

आणि आता त्या साहेबाकडं येतो, ज्याला शिव्या पडल्या. साहेब, तुमच्यावर ओरडणारा कुठून शिकला? ज्या बँकेत बारा तासांच्या कागदावर चोवीस तास राबवून घेणं हा नियम होता, तीच बँक आज तुम्हाला संध्याकाळी सातला ‘अजून चार पॉलिश्या’ म्हणतेय. ज्या टेबलावरून ‘एजन्सीला विचारा’ हे उत्तर दिलं गेलं, त्याच टेबलावर आज तुम्हाला उत्तर मिळतंय, ‘वरून आलंय, मी काय करू?’ 2000-01 ला स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली. त्यांचं काम कुठं गेलं? उरलेल्यांच्या मानेवर. आधी झाडूवाली एजन्सीला दिली, तुम्ही गप्प. मग दरवान एजन्सीला दिला, तुम्ही गप्प. मग शिपायाची जागा भरली नाही, तुम्ही स्वतः फाइल उचलली आणि गप्प. आता तुमची पाळी आलीय आणि तुम्ही म्हणताय कार्यसंस्कृती बिघडली. बिघडली नाही साहेब, ती तुमच्यापर्यंत पोचली. इमारत खालून वर बांधतात. तशीच ती खालून वर कोसळते.

म्हणून दोस्तहो, माझं म्हणणं सरळ आहे. बँकेतला छळ खरोखर थांबवायचा असेल तर सुरुवात मीटिंगच्या व्हिडिओपासून करू नका. झाडूपासून करा. प्रत्येक शाखेत झाडणाऱ्या माणसाचे खरे तास रोज मस्टरवर लिहिले जावेत, आणि ते मस्टर त्याच्यासमोर भरलं जावं. जितकी वर्षं तीच बाई तीच फरशी पुसतेय तितकी वर्षं ती बँकेची धरावी, एजन्सी बदलली म्हणून तिची नोकरी कोरी होऊ नये. बँकेच्या युनियननं कंत्राटी माणसाला सभासद करून घ्यावं, आणि आपल्या संघटनांनी तर हे उद्या सकाळीच करावं. वाचकहो, हे वाचणारे तुम्ही ज्या शाखेत खातं ठेवता तिथं जाऊन एवढंच विचारा, इथं झाडतं कोण, ते बँकेचं की एजन्सीचं, पगार कुठल्या तारखेला होतो? खातेदारानं विचारलं की मॅनेजर उठून उभा राहतो. आम्ही विचारलं की दरवान बोलावतो. तुमच्या पासबुकाची तेवढी ताकद आम्हाला उसनी द्या.

मला गणित येत नव्हतं म्हणून सांगितलं. पण आजीच्या कागदावरून एक बेरीज मी शिकलोय. तीन तृतीयांश एकत्र केले की पुरा एक होतो. बँकेला हे आमच्या आधी ठाऊक आहे, म्हणून ती एका शाखेत एकच झाडू ठेवते, वेगळी वेळ, वेगळी एजन्सी, वेगळं दार. एका रस्त्यावरच्या तीन बँकांतल्या तीन बाया आजवर एकमेकींशी बोललेल्या नाहीत.

त्या बोलतील. आम्ही गोदीवाले मधे उभे राहू. मग बघू कोण कुणाला अपूर्णांकात मोजतं.

जयभीम!